नवा एक्झॉस्ट लावताय? गॅस्केट निवडताना किंमत नाही, जागा बघा

कोल्हापूर आणि इंजिन हे नातं जुनं आहे. शिवाजी उद्यमनगरातल्या लेथपासून शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीपर्यंत इथं पिस्टन बनतात, बेअरिंग बनतात, इंजिनाची कास्टिंग ओतली जातात. मोहिते रेसिंग अकॅडमी इथलीच आणि ब्रिटिश फॉर्म्युला ३ पर्यंत गेलेला कृष्णराज महाडिकही इथलाच. त्यामुळं एमएच ०९ पासिंगच्या गाडीला आफ्टरमार्केट एक्झॉस्ट लावायचा नाद इथल्या पोरांना लागला, तर त्यात नवल काही नाही.

पण होतं काय, की हजारो रुपये मोजून स्टेनलेस स्टीलचा चकाचक एक्झॉस्ट आणला जातो आणि त्याच्या जोडावर बसणारं गॅस्केट मात्र गॅरेजच्या ड्रॉवरमध्ये जे सापडेल ते टाकलं जातं. मग आठ-दहा दिवसांत बॉनेटखालून टिकटिक सुरू होते, केबिनमध्ये धुराचा वास येतो, डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा पेटतो. शिव्या मात्र एक्झॉस्टच्या कंपनीला बसतात.

मुद्दा साधा आहे. एक्झॉस्टच्या प्रत्येक जोडावर तापमान वेगळं, हालचाल वेगळी, म्हणून गॅस्केटही वेगळं. ते कसं निवडायचं, हे पुढं सविस्तर.

गॅस्केट नेमकं करतं काय?

आपल्याकडं मिस्त्री लोक याला पॅकिंग म्हणतात. धातूचे दोन भाग बोल्टनं कितीही घट्ट आवळले, तरी त्यांच्यात केसाएवढ्या फटी राहतात. इंजिनातून बाहेर पडणारा गरम वायू तेवढ्या फटीतूनही वाट काढतो. गॅस्केट त्या दोन भागांच्या मध्ये दाबलं जातं आणि फटी भरून काढतं.

ऑइल चेंबरच्या पॅकिंगचं काम त्यामानानं सोपं असतं, तिथं तापमान साधारण १०० ते १५० अंश सेल्सिअस. एक्झॉस्टचं प्रकरण वेगळं आहे. पेट्रोल इंजिनावर जोर असताना मेनिफोल्डमधल्या वायूचं तापमान ७०० ते ९०० अंशांपर्यंत जातं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या पुढं ते उतरत जातं आणि शेवटच्या मफलरपर्यंत बरंच कमी झालेलं असतं. डिझेलचा वायू सर्वसाधारणपणे पेट्रोलपेक्षा थंड असतो.

म्हणजे एकाच पाइपच्या एका टोकाला भट्टी आणि दुसऱ्या टोकाला गरम तवा. दोन्हीकडं एकच पॅकिंग चालेल कसं?

चुकीचं गॅस्केट लागलं तर बिघडतं काय?

आवाज वाढतो, एवढंच बहुतेकांना माहिती असतं. पण खरे धोके वेगळे आहेत.

पहिला धोका जिवाचा. एक्झॉस्टच्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळं शरीराला ऑक्सिजन मिळणं कमी होतं. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं, झोप येणं ही त्याची लक्षणं. केबिनमध्ये बाहेरची हवा घेणारी जाळी बहुतेक गाड्यांत पुढच्या काचेच्या खाली, बॉनेटच्या मागं असते. मेनिफोल्डचं गॅस्केट गळत असेल, तर तो वायू तिथूनच आत ओढला जाऊ शकतो. पावसाळ्यात काचा बंद करून आंबा घाट किंवा करूळ घाट चढताना, नाहीतर ट्रॅफिकमध्ये गाडी चालू ठेवून एसीत बसताना, ही गळती महागात पडू शकते. धुराचा वास येतोय म्हणजे त्याच्याबरोबर वास नसलेला वायूही येतोय, हे लक्षात ठेवा.

दुसरा धोका सेन्सरचा. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असेल, तर नुसता वायू बाहेर जात नाही, बाहेरची हवाही आत येते. एक्झॉस्टचा वायू झटक्या-झटक्यानं वाहतो आणि दोन झटक्यांच्या मध्ये क्षणभर दाब कमी होतो, तेव्हा हवा आत खेचली जाते. सेन्सरला वाटतं ऑक्सिजन जास्त आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. तो तसं ईसीयूला कळवतो आणि ईसीयू पेट्रोल वाढवतो. ॲव्हरेज पडतं, आणि हे जास्तीचं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरलाही तापवतं.

तिसरा धोका पीयूसीचा. बीएस-४ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांच्या तपासणीत लॅम्डा नावाचा आकडा बघतात. तो ०.९७ ते १.०३ च्या मध्ये असावा लागतो. गळतीतून हवा शिरली की हा आकडा वर सरकतो. इंजिन ठणठणीत असूनही गाडी नापास होऊ शकते, ती अशी.

आता जागेनुसार बघू

१. सिलिंडर हेड आणि मेनिफोल्ड किंवा हेडर

सगळ्यात गरम जोड हाच. इथं मल्टी लेयर स्टील, म्हणजे एमएलएस गॅस्केट सगळ्यात भरवशाचं. स्टेनलेस स्टीलचे पातळ पत्रे एकावर एक ठेवलेले असतात आणि भोकाभोवती उठावदार कडा असते. ती कडा स्प्रिंगसारखी दबते आणि परत उठते.

हा स्प्रिंगचा गुण इथं का लागतो? हेड ॲल्युमिनियमचं, पण पाण्यानं थंड ठेवलेलं. मेनिफोल्ड बिडाचा किंवा स्टीलचा आणि लाल होईपर्यंत तापणारा. समजा हेडरचा फ्लँज ४०० मिलिमीटर लांब आहे आणि त्याचं तापमान ४०० अंशांनी वाढलं. बीड असेल तर तो सुमारे पावणेदोन मिलिमीटर वाढेल, स्टेनलेस स्टील असेल तर सुमारे पावणेतीन. त्याच वेळी हेड जेमतेम पाऊण मिलिमीटर वाढतं. म्हणजे प्रत्येक वेळी गाडी तापली की फ्लँज हेडवर घासत सरकतो आणि थंड झाली की परत येतो.

यातच आफ्टरमार्केटची मेख आहे. बिडाचा मेनिफोल्ड काढून स्टेनलेसचा हेडर लावला की ही सरकासरकी वाढते. जुन्या मेनिफोल्डला पुरलेलं साधं कंपोझिट पॅकिंग नव्या हेडरला पुरेलच असं नाही. हेडरसोबत कागदासारखं पातळ गॅस्केट आलं असेल, तर ते बाजूला ठेवून गाडीच्या मूळ कंपनीचं एमएलएस गॅस्केट मिळतंय का बघा. हेडरची पोर्ट मूळ मापाचीच असतील, तर हा उत्तम पर्याय.

२. टर्बोचे जोड

मेनिफोल्ड ते टर्बो हा जोड हेडच्या जोडाइतकाच गरम. इथंही स्टेनलेसचं एमएलएस गॅस्केटच हवं. ग्रॅफाइट किंवा फायबर नको. अजून एक कारण आहे. टर्बोच्या आधी गॅस्केटचा तुकडा सुटला, तर तो थेट टर्बाइनच्या पात्यांवर जाऊन आदळतो. गॅस्केट काही शे रुपयांचं, टर्बो त्याच्या कितीतरी पट महाग.

३. मेनिफोल्ड आणि डाउनपाइप यांच्यातला हलता जोड

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत इंजिन आडवं बसवलेलं असतं. ॲक्सिलरेटर दाबला की ते पुढं-मागं डोलतं. एक्झॉस्टचा पाइप मात्र बॉडीला टांगलेला. ही हालचाल कुठंतरी जिरवावी लागते. बऱ्याच गाड्यांत त्यासाठी जाडजूड कड्यासारखं गॅस्केट असतं, त्याला डोनट म्हणतात. तारेच्या जाळीत ग्रॅफाइट दाबून ते बनवतात. त्याची एक बाजू गोलसर असते आणि समोरचा पाइप तिच्यावर फिरू शकतो. बोल्टला स्प्रिंगा असतात.

डोनटच्या जागी सपाट गॅस्केट चालत नाही आणि सपाटच्या जागी डोनट चालत नाही. डोनट घेताना आतला व्यास, बाहेरचा व्यास, उंची आणि गोलाईचा उतार हे चारही जुळलं पाहिजे. स्प्रिंगचे बोल्ट खांद्यापर्यंत आवळून थांबायचं. स्प्रिंग पूर्ण चेपली तर जोड हलणार नाही आणि मग पाइपलाच तडा जाईल.

नव्या हेडरवर डोनटऐवजी सपाट फ्लँज असेल, तर पुढच्या पाइपमध्ये जाळीचा लवचीक तुकडा आहे ना, हे खात्रीनं बघा. तो नसेल तर जगातलं कुठलंही गॅस्केट तिथं टिकणार नाही.

४. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचे जोड

कोल्हापुरात किंवा कुठंही, कारवर सगळ्यात जास्त लागतो तो कॅट-बॅक एक्झॉस्ट, म्हणजे कन्व्हर्टर जागेवर ठेवून त्याच्या मागचे पाइप आणि मफलर बदलणं. इथं दोन किंवा तीन बोल्टचे सपाट फ्लँज असतात. तापमान कमी, हालचाल कमी. स्टीलच्या टोचलेल्या पत्र्यावर ग्रॅफाइट बसवलेलं गॅस्केट इथं छान चालतं. ग्रॅफाइट मऊ असल्यानं फ्लँजवर बारीक ओरखडे असले तरी ते भरून काढतं.

मर्यादा एकच. मोकळ्या हवेत साधारण ४५० अंशांच्या पुढं ग्रॅफाइट हळूहळू जळायला लागतं. म्हणून कन्व्हर्टरला अगदी चिकटून असलेल्या जोडावर स्टीलचं गॅस्केट आणि त्यामागं ग्रॅफाइट, असं धोरण ठेवा.

५. जिथं गॅस्केट लागतच नाही

एका पाइपात दुसरा पाइप सरकवून क्लॅम्प आवळतात, तो जोड गॅस्केटशिवायचा. व्ही-बँड क्लॅम्पचंही बहुतेक वेळा तसंच. फ्लँजच्या कडा एकमेकींत बसतात आणि त्याच सील होतात. तिथं जबरदस्तीनं पॅकिंग टाकलं तर उलट गळती सुरू होते.

तांबं, सिलिकॉन आणि जुनं पॅकिंग

तांब्याचं गॅस्केट रेसिंगच्या दुनियेत लोकप्रिय आहे. तांबं १०८५ अंशांना वितळतं, उष्णता पटकन पसरवतं आणि मऊ असल्यानं छान दबतं. पण एकदा दबलं की ते कडक होतं. परत वापरायचं तर लालसर तापवून मऊ करावं लागतं. वरचेवर एक्झॉस्ट उघडणाऱ्यांसाठी ते ठीक. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला एमएलएस बरं.

लाल सिलिकॉनची ट्यूब हा गॅरेजमधला लाडका उपाय. हाय टेम्परेचर असं तिच्यावर लिहिलेलं असतं, पण ती साधारण ३०० अंशांच्या आसपासच तग धरते. मेनिफोल्डवर ती जळून जाते. शिवाय सिलिकॉनची वाफ ऑक्सिजन सेन्सरवर बसून त्याला निकामी करू शकते. एमएलएस गॅस्केटला वरून काहीही चोपडायचं नसतं. गॅस्केट बसत नाही म्हणून सिलिकॉन लावावं लागतंय, तर गॅस्केट किंवा फ्लँज चुकलाय.

जुनं गॅस्केट परत वापरायचं का? नाही. ते आधीच्या फ्लँजच्या आकारात दबलेलं असतं, नव्या फ्लँजवर तसंच बसेल याची हमी नाही.

जुन्या ॲम्बेसेडर, प्रीमिअर पद्मिनीच्या काळातल्या गाड्यांवर काम करणाऱ्यांनी आणखी जपावं. तेव्हाच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. त्याची धूळ कॅन्सरला कारण ठरते. असं पॅकिंग कोरडं खरवडू नका, त्यावर हवेचा झोत मारू नका. पाण्यानं ओलं करून, मास्क लावूनच काढा.

माप कसं घ्यायचं?

दुकानात जाऊन "अमुक गाडीचं पॅकिंग द्या" म्हटलं की मूळ गाडीच्या मापाचं मिळतं. पण आफ्टरमार्केट पाइप बहुतेक वेळा मूळपेक्षा मोठा असतो. म्हणून व्हर्निअर कॅलिपर घेऊन तीन मापं घ्या.

पहिलं, पाइपचा आतला व्यास. विकताना सांगतात तो बाहेरचा. दोन इंची म्हणजे ५०.८ मिलिमीटर, अडीच इंची म्हणजे ६३.५ मिलिमीटर. आतला व्यास पत्र्याच्या जाडीच्या दुप्पट कमी असतो.

दुसरं, दोन बोल्टमधलं अंतर, एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत.

तिसरं, बोल्टच्या भोकाचा व्यास.

नियम असा, की गॅस्केटचं भोक पाइपच्या भोकाएवढं किंवा एक-दोन मिलिमीटर मोठं असावं, लहान कधीच नको. लहान असेल तर त्याची कड वायूच्या वाटेत येते, जळते आणि तुकडे पडायला लागतात. दोन फ्लँजची भोकं वेगवेगळ्या मापाची असतील, तर मोठ्या भोकाप्रमाणं गॅस्केट घ्या. विकत घेण्याआधी गॅस्केट दोन्ही फ्लँजवर ठेवून बघा.

फ्लँज वाकडा असेल तर?

मग सगळ्यात महागडं गॅस्केटही काही करू शकत नाही. स्वस्तातल्या हेडरचा फ्लँज वेल्डिंगच्या उष्णतेनं वाकलेला असतो, ही नेहमीची तक्रार. फ्लँजवर स्टीलची सरळ पट्टी उभी धरा आणि खालून फिलर गेजची पाती सरकवून बघा. लांब हेडर फ्लँजवर पाव मिलिमीटरच्या आसपास फट निघाली, तर फेसिंग करून घ्यायची वेळ आली समजा.

इथं कोल्हापूरकर नशीबवान आहेत. मोठ्या शहरात हेडर परत पाठवायची वेळ येते, इथं शिवाजी उद्यमनगरात जॉबवर्क करणाऱ्या मशिनशॉपमध्ये फ्लँज सपाट करून मिळू शकतो. गॅस्केट घेण्याआधी ही चक्कर मारलेली बरी.

बसवताना काय सांभाळायचं?

इंजिन पूर्ण गार झाल्यावरच काम सुरू करा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा.

पावसात आणि पुराच्या पाण्यात राहिलेल्या गाड्यांचे स्टड गंजलेले असतात. २०१९ आणि २०२१ च्या पंचगंगेच्या पुरानंतर हा अनुभव इथल्या गॅरेजना नवा नाही. असा स्टड थेट पान्यानं फिरवला तर हेडमध्येच तुटतो आणि मग दोन तासांचं काम दोन दिवसांवर जातं. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. नवे नट-स्टड गॅस्केटसोबतच आणा.

ॲल्युमिनियमच्या हेडवरचं जुनं पॅकिंग ग्राइंडरनं काढू नका, खड्डे पडतात. प्लॅस्टिक किंवा पितळेची पट्टी वापरा.

नट आवळताना मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडं जा आणि दोन-तीन टप्प्यांत आवळा. किती ताकद लावायची, हे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. टॉर्क रेंच लावा, अंदाजानं फुलटाइट करू नका. ग्रॅफाइटचं किंवा कंपोझिट गॅस्केट असेल, तर गाडी तापून गार झाल्यावर नट पुन्हा तपासा.

गळती आहे का, हे कसं ओळखायचं?

सकाळी गार इंजिन सुरू केल्यावर टिकटिक ऐकू येते आणि गाडी तापल्यावर ती थांबते, तर मेनिफोल्डच्या गॅस्केटवर संशय घ्या. धातू तापून फुगतो आणि फट बंद होते, म्हणून आवाज थांबतो. जोडाभोवती काळी काजळी दिसली, तर संशय पक्का.

खात्रीसाठी सोपी चाचणी आहे. इंजिन बंद आणि गार असताना व्हॅक्युम क्लीनरच्या हवा फेकणाऱ्या बाजूनं एक्झॉस्टच्या टोकातून हवा सोडा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे आले तिथं गळती. गाडी सुरू ठेवून तपासायचं असेल तर मोकळ्या जागेतच, बंद गॅरेजमध्ये कधीच नाही.

आणि कायद्याचं काय?

गॅस्केट कितीही योग्य असलं, तरी त्यानं बेकायदा एक्झॉस्ट कायदेशीर होत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीनं मूळ ठरवून दिलेल्या तपशिलात मनमानी बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच स्पष्ट केलं. असा बदल केला तर कलम १८२अ(४) खाली प्रत्येक बदलामागं ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि प्रदूषणाचे नियम मोडले तर कलम १९०(२) लागतं. पहिल्याच वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स रद्दबातल.

कारखान्यातून निघणाऱ्या कारसाठी आवाजाची मर्यादा ७४ डेसिबल आहे. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याचे व्हिडिओ सगळ्यांनीच बघितलेत. कन्व्हर्टर काढून टाकणारा किंवा फक्त ट्रॅकसाठी असं लिहिलेला एक्झॉस्ट रस्त्यावर चालत नाही. तो ट्रॅकवरच शोभतो.

आवाजाच्या मर्यादेत राहणारा, कन्व्हर्टरला हात न लावणारा एक्झॉस्ट निवडला, तरी घेण्याआधी आरटीओत चौकशी करा. आणि ज्यांना बदल करायचाच नाही, फक्त गंजलेला जुना सायलेन्सर बदलायचाय, त्यांनाही गॅस्केटचे हे सगळे नियम जसेच्या तसे लागू आहेत.

गॅरेजमध्ये गाडी लावण्याआधी मिस्त्रींना चार प्रश्न विचारा. कुठल्या जोडावर कुठलं गॅस्केट टाकणार? माप जुळवून बघितलं का? फ्लँज सरळ आहे का? नट टॉर्क रेंचनं आवळणार का? चारही उत्तरं नीट मिळाली, तर गाडी त्यांच्या ताब्यात द्यायला हरकत नाही.